ट्रॅकरला वीज : उभ्या गाडीचा हिशेब

गाडीतील वीज – लेखांक ७

स्वस्त जीपीएस ट्रॅकर गाडीत बसवताना सर्वांत आधी ठरवावे लागते ते त्याला वीज कुठून द्यायची हे. गाडी कुठे आहे ते शोधायचे आणि मालकाच्या मोबाइलवर कळवायचे, एवढेच या यंत्राचे काम. चालत्या गाडीत ते कोणताही ट्रॅकर करतो. खरा कस लागतो गाडी उभी असताना. चोरी उभ्या गाडीची होते आणि उभ्या गाडीत वीज तयार होत नाही. बॅटरीत साठलेली असेल तेवढ्यावरच भागवावे लागते. त्यामुळे ट्रॅकर चोवीस तास जागा राहिला पाहिजे आणि सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरूही झाली पाहिजे, अशा दोन्ही अटी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात.

दौंड तालुक्यातील केडगाव परिसरात दोन प्रकारच्या गाड्यांना हा प्रश्न जास्त जाणवतो. पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव स्थानकातून नोकरीसाठी पुण्याला ये-जा करणाऱ्यांची कार एकतर आठवडाभर दारात उभी असते, नाहीतर घर ते स्टेशन एवढीच धावते. दुसऱ्या गाड्या उसाच्या. गळीत हंगाम संपला की वाहतुकीचे कित्येक ट्रक आणि ट्रॅक्टर पुढच्या हंगामापर्यंत फारसे हलत नाहीत. पहिल्या गाडीची बॅटरी पुरती भरत नाही आणि दुसरीची भरतच नाही.

वीज खाते कोण?

ट्रॅकरमध्ये मुख्यतः तीन भाग असतात : उपग्रहांचे संकेत पकडणारा रिसीव्हर, सिमकार्ड असलेला मोबाइल मोडेम आणि या दोघांना चालवणारा मायक्रोकंट्रोलर. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून संकेत पाठवतात. रिसीव्हर ते फक्त ऐकतो, उपग्रहाकडे काहीच पाठवत नाही. त्यामुळे त्याचा खर्च मर्यादित असतो. घरगुती जोडणीत सर्रास वापरले जाणारे निओ-६एम मॉड्यूल चालू असताना ४० ते ५० मिलिअँपिअर घेते.

मोठा भार मोडेमचा. त्याला कित्येक किलोमीटरवरच्या टॉवरपर्यंत संदेश पोचवायचा असतो. टू-जी मोडेम सलग प्रक्षेपण करत नाही. दर ४.६ मिलिसेकंदांत एकदा, अर्ध्या मिलिसेकंदाहून थोडा जास्त वेळ तो पूर्ण ताकदीने बोलतो आणि तेवढ्या क्षणापुरता २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढतो. सरासरी कमी असली तरी हा झटका पुरवठ्याला सोसता आला पाहिजे. तो सोसला नाही तर एक ठरलेले लक्षण दिसते : ट्रॅकरचा दिवा लागतो, यंत्र उपग्रह शोधते, आणि संदेश पाठवायची वेळ आली की बंद पडून पुन्हा सुरू होते. अशा वेळी पुष्कळदा यंत्र खराब म्हणून परत केले जाते. दोष मात्र बारीक तारेत, सैल जोडात किंवा कमकुवत अॅडॉप्टरमध्ये असतो.

सिमकार्डही आधी तपासून घ्यावे. स्वस्त ट्रॅकरपैकी अनेक फक्त टू-जीवर चालतात. जिओचे जाळे फोर-जीपासूनच सुरू होते, म्हणून त्या कंपनीचे सिम टू-जी ट्रॅकरमध्ये चालत नाही. जिथे रेंज कमी, तिथे मोडेमला जास्त ताकद लावावी लागते आणि बॅटरीही लवकर उतरते.

बॅटरीचा हिशेब

लहान कारमध्ये साधारण ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. ती सगळी वापरता येत नाही. गाडीची बॅटरी स्टार्टरला काही सेकंद भरपूर प्रवाह देण्यासाठी बनवलेली असते. ती वारंवार खोलवर उतरली तर आतील प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर बसतात आणि तिची क्षमता कायमची घटते. निम्म्याखाली जाऊ द्यायची नाही असे ठरवले, तर हाती साडेसतरा अँपिअर-अवर राहतात.

गाडी बंद असतानाही घड्याळ, सेंट्रल लॉक आणि इंजिनचा संगणक थोडी वीज घेतच असतात. हा खर्च २५ मिलिअँपिअर धरला, तर दिवसाला ०.६ अँपिअर-अवर जातात. सतत जागा राहणारा ट्रॅकर १२ व्होल्टवर ४० मिलिअँपिअर घेत असेल, तर त्याचे दिवसाला ०.९६ अँपिअर-अवर होतात. दोन्ही मिळून १.५६. म्हणजे नवी, पूर्ण भरलेली बॅटरी ११ दिवसांत निम्म्यावर येते. ट्रॅकर नसता तर तिला २९ दिवस लागले असते. तीन-चार वर्षे वापरलेल्या बॅटरीची क्षमता मुळातच घटलेली असते, त्यामुळे तिच्या बाबतीत हे दिवस आणखी कमी होतात.

हाच ट्रॅकर गाडी थांबल्यावर झोपी गेला आणि ५ मिलिअँपिअरवर आला, तर त्याचा रोजचा खर्च ०.१२ अँपिअर-अवर होतो आणि बॅटरी २४ दिवस तग धरते. म्हणूनच ट्रॅकर विकत घेताना किमतीच्या आधी ‘झोपेत किती प्रवाह घेतो’ हे विचारावे.

घर ते स्टेशन जाणाऱ्या कारचाही हिशेब मांडता येतो. जाताना दहा आणि येताना दहा मिनिटे गाडी चालली आणि तेवढ्या वेळात बॅटरीला सरासरी ५ अँपिअर मिळाले, तर दिवसाची भर १.६७ अँपिअर-अवर होते. सतत जागा असलेला ट्रॅकर आणि गाडी मिळून १.५६ खर्च करतात. स्टार्टरचा खर्च, रात्रीचे हेडलाइट आणि पंखा धरला की जमा-खर्च उलटतो, आणि रोज वापरात असलेली गाडी एके दिवशी सेल्फ घेत नाही.

कागदावरचा हिशेब मल्टिमीटरने पडताळावा. गाडी बंद करून बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावरची केबल काढायची आणि टोक व केबल यांच्यामध्ये १० अँपिअरच्या जागेवर लावलेला मीटर जोडायचा. दारे बंद करून अर्धा तास थांबायचे, कारण गाडीतले संगणक झोपायला वेळ घेतात. मग दिसणारा आकडा हा उभ्या गाडीचा खरा खर्च. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नये. मीटरचा फ्यूज जागीच उडतो.

तार कुठे जोडावी?

तार जोडणाऱ्या ट्रॅकरला बहुधा चार तारा असतात. लाल तार बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि काळी अर्थला जाते. नारिंगी किंवा पांढरी तार चावी सुरू आहे की बंद हे यंत्राला कळवते. पिवळी तार इंजिन बंद करणाऱ्या रिलेसाठी असते. रंग सर्वत्र सारखे नसतात, म्हणून सोबतच्या कागदावरून खात्री करून घ्यावी.

सर्वाधिक चूक लाल तारेच्या बाबतीत होते. बॅटरी उतरण्याच्या धास्तीने ती चावीबरोबर सुरू-बंद होणाऱ्या जागी जोडली जाते. मग चावी काढली की ट्रॅकर फक्त आपल्या आतल्या छोट्या बॅटरीवर उरतो आणि काही तासांत मुका होतो. लाल तारेला कायम वीज हवी. चावीची खबर नारिंगी तारेने द्यायची. ती खबर मिळाली की यंत्र स्वतः झोपते, कंपनाने जागे होते आणि ठरावीक वेळाने हजेरी लावते. योग्य जोडणीचे सूत्र एवढेच आहे.

कायम वीज मिळण्याच्या जागा तीन. पहिली, थेट बॅटरीचे टोक; ट्रक आणि ट्रॅक्टरसाठी ही सोयीची. दुसरी, फ्यूजबॉक्स. आतला दिवा, हॉर्न किंवा हॅझर्ड दिवे यांच्या फ्यूजवर बहुधा कायम वीज असते. फ्यूजच्या जागी बसणाऱ्या टॅपने तिथून तार काढता येते. एअरबॅग, एबीएस आणि इंजिनचा संगणक यांच्या फ्यूजला मात्र हात लावू नये. तिसरी जागा स्टिअरिंगखालचा ओबीडी सॉकेट. त्याच्या १६ क्रमांकाच्या पिनवर बॅटरीची वीज असते आणि ४ क्रमांकाची पिन अर्थ असते. इथे तार तोडावी लागत नाही, पण चोरालाही यंत्र एका झटक्यात उपटता येते.

लायटर सॉकेटमध्ये लावायचा यूएसबी चार्जर सर्वांत सोपा; पण अनेक गाड्यांत तो चावीबरोबर बंद होतो आणि समोरच दिसतो. पॉवर बँकही भरवशाची नाही. ट्रॅकर झोपल्यावर प्रवाह इतका कमी होतो की काही लोड नाही असे समजून बहुतेक पॉवर बँका स्वतःच बंद होतात.

बारा व्होल्ट खाली आणताना

तयार ट्रॅकरमध्ये व्होल्टेज उतरवणारे सर्किट आतच असते. सुटी मॉड्यूल आणून ट्रॅकर बनवणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि हौशी कारागिरांना ते स्वतः जोडावे लागते. गाडीची वीज नावाला १२ व्होल्टची. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर विश्रांतीत सुमारे १२.६, इंजिन सुरू असताना १३.८ ते १४.४, आणि सेल्फ मारताना क्षणभर ९-१० किंवा त्याहूनही कमी असा तिचा प्रवास चालतो. अल्टरनेटर बॅटरीला प्रवाह देत असताना बॅटरीचा जोड निखळला, तर काही क्षणांसाठी कित्येक पटींनी मोठी उसळी येते.

७८०५ हा स्वस्त रेग्युलेटर इथे कामाचा नाही. १४ व्होल्टचे ५ करताना वरचे ९ व्होल्ट तो उष्णतेत घालवतो. ३०० मिलिअँपिअरवर ही उष्णता २.७ वॅट होते. हीटसिंक नसेल तर तो हात लावू देत नाही इतका तापतो आणि बंद पडतो. त्याऐवजी बक कन्व्हर्टर वापरावा. बाजारात सहज मिळणारा एलएम२५९६ हा ४० व्होल्टपर्यंतचा पुरवठा घेतो. पण तो स्वतःच रिकामा असताना ५ ते १० मिलिअँपिअर खातो. ट्रॅकर झोपवून वाचवलेली वीज अशाने कन्व्हर्टरच गिळतो. उभ्या गाडीसाठी अत्यल्प रिकामा खर्च असलेला कन्व्हर्टर निवडावा.

सिम८००एल या मोडेमला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात. थेट ५ व्होल्ट दिले तर तो निकामी होऊ शकतो. कन्व्हर्टर आधी मीटरवर ४ व्होल्टला लावून घ्यावा, मगच मोडेम जोडावा. क्षणिक झटका पेलण्यासाठी मोडेमच्या अगदी जवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवावा. उसळी अडवायला पुढे टीव्हीएस डायोड आणि उलट जोडणीपासून बचावाला एक साधा डायोड हवाच.

फ्यूज, अर्थ आणि ऊन

ट्रॅकरचा प्रवाह थोडा असतो, पण तो ज्या बॅटरीतून येतो तिची ताकद शेकडो अँपिअरची असते. तारेचे आवरण घासून ती बॉडीला टेकली तर फ्यूजशिवाय ती लाल होऊन पेट घेते. जिथून वीज घेतली त्या जागेपासून वीतभर अंतरात १ किंवा २ अँपिअरचा फ्यूज असलाच पाहिजे. ट्रॅकरजवळ लावलेला फ्यूज मधल्या तारेचे रक्षण करत नाही. तार ०.५ चौरस मिलिमीटरची पुरते. अर्थची तार बोल्टखाली लग लावून, रंग खरवडून घट्ट बसवावी.

बहुतेक ट्रॅकरमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. अशी बॅटरी ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. उन्हाळ्यात उभ्या कारचा डॅशबोर्ड त्याहून पुष्कळ जास्त तापतो आणि बॅटरी फुगते. यंत्र काचेखाली ठेवू नये. डॅशबोर्डच्या आत, वर धातूचा पत्रा येणार नाही अशा बेताने बसवावे.

पिवळ्या तारेचा रिले चालत्या गाडीत कधीही वापरू नये. महामार्गावर इंजिन अचानक बंद पडले तर पॉवर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकची मदत संपते.

ट्रक आणि ट्रॅक्टर

बहुतेक मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. १२ व्होल्टचा ट्रॅकर चालवण्यासाठी मधल्या जोडातून तार काढण्याची पद्धत घातक आहे. एकाच बॅटरीवर भार पडून ती अर्धी उपाशी राहते, दुसरी गरजेपेक्षा जास्त भरते आणि जोडी लवकर खराब होते. ट्रकसाठी ९ ते ३६ व्होल्ट किंवा त्याहून जास्त पल्ल्याचाच ट्रॅकर घ्यावा. ट्रॅक्टरवर पाणी आणि धूळ न शिरणारे यंत्र हवे. हंगाम संपल्यावर वाहन महिनोन्महिने उभे राहणार असेल, तर दर पंधरवड्याला बॅटरी चार्जरवर लावावी. ते शक्य नसेल तर स्वतःची बॅटरी असलेला चुंबकी ट्रॅकर वापरावा. १०,००० मिलिअँपिअर-अवरचा असा ट्रॅकर सतत जागा राहिला तर जेमतेम तीन दिवस पुरतो; दिवसातून एक-दोनदाच हजेरी लावायला सांगितले, तर पुष्कळ जास्त काळ.

नियम

केंद्र सरकारच्या २८ नोव्हेंबर २०१६ च्या अधिसूचनेने मोटार वाहन नियमांत १२५-एच हा नियम आला. १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ट्रॅकर आणि आणीबाणीचे बटण आवश्यक झाले; तीनचाकींना यातून सूट आहे. अशा वाहनांसाठी एआयएस-१४० मानकाचेच यंत्र लागते. मुख्य बॅटरी तोडली तरी आतल्या बॅटरीवर किमान चार तास चालण्याची अट त्यात आहे. खासगी कारला ही सक्ती नाही. पण स्वस्त ट्रॅकर पारखायला चार तासांची ही कसोटी उत्तम आहे. यंत्र बसवले की लाल तार काढून घड्याळ लावावे. ट्रॅकर चार तास बोलत राहिला आणि तार निघाल्याचा संदेश मोबाइलवर आला, तरच जोडणी पूर्ण झाली असे समजावे आणि कारागिराचे पैसे चुकते करावेत.