काळ्या मण्याचा खरा रंग

गळ्यांतील काळी पोत आपण सर्वजण लहानपणापासून पाहत आलों आहों. चिखलीच्या बाजारांत काळ्या मण्यांचे सर टांगलेले असतात, आणि तुटलेली पोत गांठविण्यास पटवेकरी लागतो, हेंही घरोघर ठाऊक आहे. परंतु हा मणी होतो कसा, तो काळा कां दिसतो, आणि कधीं कधीं आपोआप कां फुटतो, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. आमच्या वाचकांस त्याची थोडी माहिती करून द्यावी, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

मणी कांचेचा, आणि कांच वाळूची. नुसती वाळू वितळविण्यास सुमारें १७०० अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. तींत सोड्याचा खार मिसळला म्हणजे ती पुष्कळ कमी उष्णतेंत वितळते, आणि चुना घातला म्हणजे तयार झालेली कांच पाण्यांत टिकते. हा खार आपल्या बुलढाणा जिल्ह्यास परका नाहीं. मेहकरच्या पलीकडील लोणार सरोवराच्या पाण्यांत तो आहे. लोणारच्या परिसरांत कांच व साबण करण्याचें साहित्य मिळतें, असें अबुल फजलानें सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'ऐन-इ-अकबरी' ग्रंथांत नमूद करून ठेविलें आहे. सन २०२० मध्यें या सरोवराचा समावेश रामसर यादींत झाला. आतां तें जपून ठेवण्याचें स्थळ आहे, खार काढण्याचें नव्हे.

आतां रंगाविषयीं. खरें पाहतां काळा असा कांचेचा निराळा रंग बहुधा नसतोच. जांभळा, हिरवा किंवा तपकिरी रंग इतका दाट केला कीं त्यांतून उजेड पार होईनासा झाला, म्हणजे ती कांच डोळ्यांस काळी दिसते. जांभळ्या रंगाच्या दाटपणानें काळ्या झालेल्या कांचेंत मँगनीज नांवाचा धातु असतो. त्याचें खनिज आपल्या विदर्भांतच, नागपूर व भंडारा जिल्ह्यांच्या खाणींत निघतें. याचा गुण मोठा चमत्कारिक आहे. वाळूंतील लोहामुळें साध्या कांचेस हिरवट झांक येते; तींत मँगनीज अगदीं थोडें घातलें तर ती झांक नाहींशी होऊन कांच स्वच्छ दिसते. तेंच अधिक घातलें तर कांच जांभळी होते, आणि फारच घातलें तर काळी. कांचेस निर्मळ करणारें आणि तिला काळी करणारें द्रव्य एकच; भेद केवळ मात्रेचा.

मणी करण्याच्या मुख्य रीति दोन. पोतीचे बारीक मणी बहुधा कांचेची पोकळ नळी ओढून व तिचे तुकडे पाडून करतात. आंध्र प्रदेशांतील पापानायडुपेट येथें ही रीति विसाव्या शतकांतही चालू होती. मोठे मणी ज्योतीवर एकेक घडवितात, आणि उत्तर प्रदेशांतील हाथरस जिल्ह्यांतील पुर्दिलनगर हें गांव त्या कामासाठीं प्रसिद्ध आहे. कारागीर एका हातांत कांचेची कांडी व दुसऱ्या हातांत लोखंडी तार धरतो. तारेवर मातीचा पातळ लेप असतो, नाहीं तर कांच तारेस कायमची चिकटेल. ज्योतींत कांडीचें टोंक मऊ झालें कीं तो तें तारेवर गुंडाळतो, आणि तार सारखी फिरवीत राहतो. फिरविणें थांबलें तर मऊ कांच एका अंगास लोंबते. तार अखंड फिरली तर कांच स्वतःच्याच ताणानें वाटोळी होते. गडद कांच उष्णता लवकर शोषून घेते, म्हणून काळी कांडी रंगहीन कांडीपेक्षां लवकर मऊ पडते व तिला अधिक जपावें लागतें. याच कांडीची ज्योतींत ओढून केसासारखी तार काढली, तर काळेपणा जाऊन ती जांभळी दिसूं लागते!

घडविण्याहून निवविणें कठीण. मणी ज्योतींतून काढून उघड्या वाऱ्यांत ठेवला, तर बाहेरील अंग प्रथम निवून घट्ट होतें. आंतील भाग मागाहून आकसूं पाहतो, पण बाहेरील कवच त्यास आकसूं देत नाहीं. हा ताण मण्याच्या पोटांत कोंडून राहतो. कधीं मणी लागलाच तडकतो, तर कधीं कित्येक दिवसांनीं, कांहीं धक्का न लागतां, त्याचीं दोन शकलें होतात. म्हणून जाणता कारागीर ताजा मणी गरम राखेंत पुरून सावकाश निवूं देतो.

या माहितीचा खरा उपयोग येथेंच आहे. पोतीचा मणी फुटला, तर 'फुटला' हा शब्द आपल्याकडे कोणी तोंडांतून काढीत नाहीं; 'वाढला' म्हणतात. शब्दांतील ही माया आम्हांस प्रिय आहे. परंतु तिच्यामागें पुष्कळ घरीं भीति दडलेली असते. नवी सून, नवरा परगांवीं, आणि मणी वाढला. मग तिचा रात्रभर डोळ्यास डोळा लागत नाहीं, आणि कोणी तिच्याच पायगुणास बोल लावतें. दोष त्या मुलीचा नव्हे. दूर कोठें तरी घाईनें निवविलेल्या कांचेचा तो असेल, किंवा झिजलेल्या दोऱ्याचा.

आमच्या विद्यार्थ्यांनीं कांचेच्या फुटक्या मण्याचें पातळ शकल जपून दिव्याच्या उजेडासमोर धरून पाहावें. त्याची कड जांभळी, हिरवट वा तपकिरी दिसेल. तें आईस व आजीस दाखवावें, आणि मणी कां फुटतो, हें गोड शब्दांत समजावून सांगावें. शाळेंत मिळविलेल्या ज्ञानानें घरांतील एका जिवाची भीति दूर झाली, तर विद्येचें याहून अधिक फळ तें कोणतें?