ई-पीक पाहणी: शेतातली नोंद सातबाऱ्यावर का चढत नाही?

ई-पीक पाहणी, म्हणजे अ‍ॅपवरून पिकाची नोंद करण्याची पद्धत, १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर सुरू झाली. नरखेड तालुक्यातही संत्रा, मोसंबी, कपाशी, तुरीची नोंद शेतकरी मोबाईलवरूनच करतात. फोटो आणि जीपीएससह माहिती आधी फोनमध्ये साठते, मग सर्व्हरवर जाते. शिवारात रेंज नसेल तर हा दुसरा टप्पा अडकतो आणि नोंद सातबाऱ्यावर चढत नाही.

अशा वेळी:

१. अ‍ॅप काढून टाकू नये, ‘क्लिअर डेटा’ही करू नये. न पाठवलेली नोंद फोनमध्येच असते. तसे केल्यास ती फोटोसकट पुसली जाते.

२. चांगल्या रेंजमध्ये येऊन ‘अपलोड’ दाबावे.

३. फोनची तारीख-वेळ ऑटोमॅटिक ठेवावी. घड्याळ बरेच चुकले असेल तर सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होत नाही.

४. डेटा सेव्हर बंद करावा, स्टोरेज मोकळे करावे, अ‍ॅप अपडेट करावे.

५. मुदतीच्या शेवटी सर्व्हरवर ताण येतो. नोंद आधीच उरकावी.

६. अपलोडनंतर गावाच्या यादीत नाव तपासावे. नसेल तर मुदतीतच तलाठी, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांना भेटावे.

नुकसानभरपाई आणि हमीभावाच्या खरेदीला हीच नोंद लागते.