मग्दालीया मरीया : कलेतली आणि ग्रंथातली

एखाद्याच्या नावाला एकदा बट्टा लागला की तो सहसा निघत नाही. आणि ते नाव बाईचं असलं, तर विचारूच नका. गावच्या पारावर हे रोज घडतं. धर्माच्या इतिहासातही घडलेलं आहे. मग्दालीया मरीयेची गोष्ट त्यातलीच.

युरोपातल्या चित्रांत ही मरीया चटकन ओळखू येते. मोकळे केस, डोळ्यांत पाणी, जवळ सुगंधी तेलाची कुपी. पश्चात्ताप पावलेली वेश्या, अशी तिची ख्याती. पण आपण बायबल उघडून पाहा. चारही शुभवर्तमानांत तिला वेश्या असं कुठंही म्हटलेलं नाही. तिच्यातून सात भुतं निघाली होती आणि इतर स्त्रियांबरोबर ती पदरच्या पैशाने येशूची सेवा करीत असे, असं लूक सांगतो. क्रुसापाशी ती हजर होती. योहानाच्या सांगण्याप्रमाणे पुन्हा उठलेला येशू पहिल्यांदा दिसला, तोही तिलाच.

मग हा डाग आला कुठून? लूकच्या सातव्या अध्यायात येशूचे पाय आसवांनी भिजवून केसांनी पुसणारी एक पापी स्त्री आहे. तिचं नाव दिलेलं नाही. बेथानीची मरीया ही आणखी तिसरी. पोप पहिला ग्रेगरी याने ५९१ च्या सुमारास एका प्रवचनात या तिघी एकच, असं सांगून टाकलं. झालं! निनावी बाईचं पाप नाव असलेल्या बाईच्या माथी बसलं.

कलावंतांना ही कथा फार मानवली. इटलीच्या तिशियनने १५३० नंतर रंगवलेली मरीया आकाशाकडे पाहून रडते आहे. पण अंगावर वस्त्र म्हणून केवळ तिचे सोनेरी केस. पश्चात्तापापेक्षा रूपच अधिक दिसतं. त्याच्या आधीच्या शतकात दोनातेल्लोने लाकडात कोरलेली मरीया पाहावी, तर गाल बसलेले, हाडं वर आलेली, उपासतापासाने वाळलेली बाई. ही वनवासाची कथाही तिची नव्हे. ती ईजिप्तच्या दुसऱ्याच एका मरीयेकडून आलेली. सतराव्या शतकात फ्रान्सच्या ला तूरने मात्र तिला रात्री दिव्याच्या उजेडात, मांडीवर कवटी घेऊन, विचारात बुडालेली दाखवली. तिथं रूपाचं प्रदर्शन नाही आणि रडारडही नाही.

दोनातेल्लोची ती मूर्ती १९६६ साली फ्लॉरेन्सच्या पुरात सापडली. पुढे ती साफ करताना वरच्या काळपट थराखाली मूळचे रंग आणि केसांवरचं सोनं दिसून आलं.

रोमच्या चर्चनेही १९६९ साली आपल्या पंचांगात या मरीयेला त्या दुसऱ्या दोघींपासून वेगळं केलं. २०१६ मध्ये तिच्या दिवसाला, २२ जुलैला, प्रेषितांच्या सणाचा दर्जा मिळाला. म्हणजे चौदाशे वर्षं लागली!

शिक्षकबंधुभगिनींनो, वर्गात एखादं जुनं चित्र दाखवाल, तेव्हा मुलांना एवढंच विचारा : हे मूळ ग्रंथात आहे, की कुणी मागाहून जोडलं? ही सवय चित्रांपुरतीच राहणार नाही. उद्या पारावर कुणा बाईचं नाव निघालं, की तीच मुलं विचारतील, “हे तुम्ही स्वतः पाहिलंत का?”