अरण्यांतील अतिथिगृहें कशीं असावीं?

उन्हाळ्याची सुटी लागली कीं आमच्या राजापेठेंतील घराघरांतून चिखलदऱ्याच्या बेताची चर्चा सुरू होते. मुलांना वाघ दिसावा, वडील माणसांस थंड हवा मिळावी आणि गृहिणींस चार दिवस स्वयंपाकघरांतून सुटका व्हावी, असे तिहेरी हेतु त्या बेतांत असतात. मेळघाट हा १९७३-७४ सालीं ठरलेल्या देशांतील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकीं एक. त्यामुळें दूरदूरचे प्रवासीही तेथें येतात व त्यांच्यासाठीं नवीं घरें उठतात. तीं कशीं असावीं, याचा विचार आपण पाहुण्यांनींही करावयास हवा. कारण जें आपण मागतों, तेंच बांधलें जातें.

प्रथम सूर्याचा हिशोब पाहूं. मेळघाट सुमारें साडेएकवीस उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या अखेरीस मध्यान्हींचा सूर्य तेथें थेट माथ्यावर येतो. डिसेंबरच्या २१-२२ तारखेस मात्र तो दक्षिणेस क्षितिजापासून अवघा ४५ अंश वर असतो. यावरून दोन गोष्टी निघतात. उन्हाळ्यांत सर्वांत अधिक तापतें तें छप्पर, आणि दुपारनंतर पश्चिमेची भिंत. हिवाळ्यांत दक्षिणेच्या ओसरींत हवेंहवेंसें ऊन येतें. म्हणून घराची लांबी पूर्व-पश्चिम, दारें-खिडक्या उत्तर-दक्षिण, आणि पश्चिमेस न्हाणीघर किंवा कोठीची खोली, अशी मांडणी उत्तम.

आतां तेथील मूळच्या रहिवाशांचें घर पाहा. कोरकूंच्या गांवांत रस्त्याच्या दोन्ही बाजूंस घरांच्या समोरासमोर ओळी असतात. सागाचे खांब, बांबूचा कुड, त्यावर माती-शेणाचा लेप आणि वर कवेलू. कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा निघून जाते. खालपर्यंत उतरलेल्या वळचणीमुळें मेळघाटचा मुसळधार पाऊस मातीच्या भिंतीस लागत नाहीं. आणि पातळ कुड संध्याकाळ होतांच निवतो.

आमच्या वऱ्हाडच्या मैदानांतील धाब्याचें घर याहून निराळें. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती दिवसभर ऊन थोपवून धरतात, पण तीच उष्णता रात्रीं आंत सोडतात. पूर्वीं आपण रात्रीं अंगणांत किंवा धाब्यावर निजत असूं, म्हणून तें खपत असे. जेथें अस्वल आणि बिबट्या हिंडतो तेथें अंगणांत बाजा टाकतां येत नाहींत. म्हणून अरण्यांतील अतिथिगृहांत दिवसा बसण्याची खोली जाड भिंतींची व निजण्याची खोली हलक्या कुडाची करणें शहाणपणाचें.

इंग्रजी अमदानींतील वनखात्याच्या बंगल्यांनींही हवामानाशीं जुळवून घेतलें होतें : उंच जोतें, उंच छप्पर आणि रुंद व्हरांडा. उलट सिमेंटचा सपाट स्लॅब दिवसभर तापतो आणि पाहुणा निजावयास जातो तेव्हां ती उष्णता त्याच्या अंगावर सोडतो. मग हवा गार करण्याचें यंत्र येतें, वीज गेल्यावर तें चालविण्यास डिझेलचें जनित्र येतें, आणि ज्या शांततेसाठीं एवढा घाट चढून आलों तीच त्याच्या घरघरींत बुडते. इजिप्तमध्यें हसन फतही यांनीं १९४५ पासून गुर्ना येथें मातीच्या विटांचें गांव उभारावयास घेतलें; केरळांत लॉरी बेकर यांनीं आयुष्यभर स्थानिक साहित्याचा पुरस्कार केला. दोघांचा धडा एकच : शेजारच्या गवंड्यास विचारा.

यावर आक्षेप येतात, आणि ते खोटे नाहींत. वानरें कवेलू फोडतात, बांबूस कीड व लांकडास वाळवी लागते, मातीस दरसाल लिंपावें लागतें. पण मृगापूर्वीं कवेलू फेरणें, भिंती सारवणें, कुड विणणें या कामांचे जाणते हात मेळघाटांतच आहेत. स्लॅब एकदां बाहेरच्या कंत्राटदारानें घातला कीं कोरकूच्या वांट्यास पाहुण्यांची भांडीं घासणेंच उरतें. दरसालची डागडुजी हा ज्यास खर्च वाटतो, त्यानें ती त्या गांवची मजुरी आहे हेंही ध्यानांत घ्यावें. आज कोरकूंच्या घरांवरही पत्रे चढत आहेत. ही विद्या विकत घेणारें कोणी उरलें नाहीं, तर पुढची पिढी ती शिकणार कशाला?

आमचें वाचक कुटुंबांस एवढेंच सांगणें आहे. खोली ठरवितांना यंत्र आहे काय, हें विचारण्यापूर्वीं छप्पर कशाचें, ओसरी कोणत्या दिशेस, न्हाणीचें पाणी कोठून येतें व जातें कोठें, आणि रात्रीं अंगणांतले दिवे मालवतात काय, हें विचारावें. जो एक तिथीही पुरी राहत नाहीं तो अतिथि, अशी या शब्दाची जुनी व्युत्पत्ति आहे. आपण दोन रात्रींचे पाहुणे. घरांत आणि अरण्यांत कायमचे राहणारे दुसरे आहेत. त्यांस जाच न होईल असाच निवारा आपण मागावा.