नर्मदाकाठची होडी आणि तिची मागची फळी

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांमधली 33 गावं सरदार सरोवराच्या बुडीतात आली. जून 2017 मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर 2019 मध्ये जलाशय पहिल्यांदा 138.68 मीटरपर्यंत भरला. पायवाटा बुडाल्या, दवाखाना, रेशन, बाजार सगळं होडीच्या भरवशावर आलं. 2020 मध्ये चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे मच्छीमाराची लहान होडी मागून घेऊन, स्वतः वल्हवत पाड्यांवरच्या गरोदर बायकांपर्यंत आणि बाळांपर्यंत पोषण आहार पोचवत होत्या. त्यांचं कौतुक झालं, ते रास्तच. पण हिमतीला होडीही धड लागते.

होडीची मागची आडवी फळी सर्वांत आधी दगा देते. इंजिन असेल तर त्याचं वजन आणि हादरे तीच सोसते. फळीची कापलेली टोकं पाणी शोषतात, स्क्रूच्या भोकांतून ओल आत उतरते. कोकणात लाकूड पोखरणारे समुद्री किडे छळतात, पण खारं पाणी कुजवणाऱ्या बुरशीला आवर घालतं. नर्मदेच्या गोड्या पाण्यात, त्यातही होडीत साचलेल्या पावसाच्या पाण्यात, बुरशीला मोकळं रान मिळतं.

रंगाखाली काय चाललंय ते पटाशीचं टोक सांगतं. धड सागात ते अडतं, कुजलेल्या जागी लोण्यात सुरी जावी तसं रुततं. तेवढा भाग, आणि त्याच्या पुढचं बोटभर चांगलं लाकूडही, कापून काढावं लागतं. मग तिरपा सांधा धरून त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा बसवायचा. साग तेलकट, थिनरने पुसल्याशिवाय त्याला गोंद नीट धरत नाही. लोखंडी खिळा स्वस्त पडतो, पण गंजतो आणि भोवतीचं लाकूड काळं पाडून खातो. पितळी किंवा स्टेनलेसचा स्क्रू परवडतो तो यासाठी.

रंगाची घाई सर्वांत वाईट. ओल्या फळीवर रंग चढवला की ओल आत कोंडते, रंगाला फोड येतात आणि वरून चकचकीत दिसणारी फळी आतून कुजत राहते. उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा होडी काठावर ओढून सावलीत नीट वाळू द्यावी. मग अस्तराचा पातळ हात, लांबी, पॉलिश पेपर आणि शेवटी रंगाचे दोन हात. आतली बाजू आणि वरची कड सोडायची नाही. बहुतेकदा कुज तिथूनच सुरू होते.

15 जानेवारी 2019 ला, संक्रांतीला, याच अक्राणी तालुक्यात नर्मदेत बोट उलटली आणि माणसं गेली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. गर्दी होते, कारण पाड्यांना पुरतील इतक्या धड होड्या नाहीत. सडकेच्या खड्ड्यांसाठी दरवर्षी तरतूद होते. इथे पाणी हीच सडक आहे, तर होडीच्या डागडुजीलाही तशीच तरतूद हवी: लाकूड, गोंद, रंग आणि सुताराची मजुरी. पावसाळा लागण्याआधी प्रत्येक होडीची मागची फळी टोचून पाहायला हवी, आणि ते करणारा माणूस पाड्यातलाच असावा, पगारावर नेमलेला.