मुक्काम हलवावा, पण कशासाठी?

श्रीलंकेच्या सहलींच्या जाहिराती चाळल्या तर मुक्कामांचा क्रम जवळपास ठरलेला दिसतो. विमानतळाजवळचं नेगोम्बो, मग दांबुला, कँडी, नुवारा एलिया, बेंटोटा आणि शेवटी कोलंबो. बहुतेक ठिकाणी एकच रात्र, फार तर दोन. बेट लहान, दक्षिणोत्तर सुमारे ४३५ किलोमीटर आणि क्षेत्रफळात महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून थोडंसंच मोठं. तेव्हा आठवड्याभरात सगळं ‘होतं’, असा हिशेब. या विंचवाच्या बिऱ्हाडाला कंटाळलेली निवृत्त मंडळी मग दुसरं टोक गाठतात. एकच हॉटेल धरायचं आणि तिथूनच रोज जाऊन यायचं. माझ्या मते दोन्ही बेत फसतात आणि दोन्हींच्या मुळाशी एकच समज आहे: हॉटेल म्हणजे पाठ टेकण्यापुरती जागा, खरा प्रवास बाहेर. साठी-पासष्टी ओलांडलेल्या जोडप्यासाठी, आणि तेही विषुववृत्ताच्या जवळ, हा समज टिकत नाही.

का टिकत नाही, ते दिवसाच्या मांडणीत आहे. श्रीलंका साधारण ६ ते १० अंश उत्तर अक्षांशांत येते. तिथे बाराही महिने सूर्य सहाच्या आसपास उगवतो आणि सहा-साडेसहाला मावळतो. संधिप्रकाश थोडा वेळ रेंगाळतो आणि लगेच अंधार पडतो. किनाऱ्यावर वर्षभर पारा तिशीच्या आसपास, त्यात दमट हवा. घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग निवत नाही. वयोमानानुसार तहानेची जाणीव मंदावते, घामही कमी येतो. त्यातच रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातलं पाणी कधी कमी झालं ते कळतही नाही. म्हणजे बाहेर हिंडण्याजोगा वेळ सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी चार ते सहा, एवढाच. उरलेली दुपार आणि दिवेलागणीनंतरचा वेळ जातो तो हॉटेलात. सहलीचा अर्ध्याहून अधिक जागता वेळ जिथे काढायचा, त्या जागेला ‘रात्रीपुरती खोली’ म्हणण्यात अर्थ नाही.

मग एरवी क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. खोलीला सावलीची पडवी आहे का, वारा आरपार जातो का, खिडक्यांना जाळी आहे का. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये श्रीलंका हिवतापमुक्त झाल्याचं जाहीर केलं, पण डेंग्यू तिथे आहेच आणि त्याचा डास दिवसा चावतो. नुसती मच्छरदाणी पुरत नाही, दुपारी बसायची जागाही सुरक्षित हवी. पडवी, छप्पर आणि वारा यांचं मोल जेफ्री बावा (१९१९-२००३) या श्रीलंकेच्या वास्तुकाराला नेमकं ठाऊक होतं. बेंटोटाचं त्यांचं समुद्रकाठचं हॉटेल १९६९ चं. रुंद वळचणी, मोकळे चौक, आत-बाहेरची सीमा पुसून टाकणाऱ्या ओसऱ्या ही त्यांची खासियत. दांबुलाजवळ कांदलामा तलावाच्या काठी, खडकाला बिलगून त्यांनी १९९० च्या दशकात उभारलेलं हॉटेल तर वेलींनी इतकं झाकलंय की दुरून इमारत आहे हेच कळत नाही. अप्रतिम वास्तू. पण ती या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळपास एक किलोमीटर लांब आहे. टोकाची खोली मिळाली तर नाश्त्याला जाणं हाच व्यायाम. गुडघे कुरकुरत असतील तर आरक्षण करतानाच भोजनगृहाजवळची खोली मागून घ्यावी. छायाचित्रात हे अंतर दिसत नाही.

आता मुद्दा हॉटेल बदलण्याचा. उष्ण प्रदेशात मुक्काम हलवायचं खरं कारण प्रेक्षणीय स्थळं नव्हे, हवा. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. कँडी सुमारे ५०० मीटरवर आहे. नुवारा एलिया १,८६८ मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरहूनही सुमारे ५०० मीटर उंच. तिथलं सरासरी तापमान १६ अंशांच्या आसपास. उकाड्याने थकलेल्या शरीराला याइतका मोठा पालट त्याच देशात, काही तासांच्या अंतरावर मिळतो. अर्थात दमट गारठ्याने ज्यांचे सांधे आखडतात त्यांनी तिथे जायचा हट्ट धरू नये. हजारेक मीटरवरचं एल्ला किंवा त्याहून थोडं उंच बंडारवेला त्यांना अधिक मानवेल. जोडप्याने उंची ठरवताना दोघांपैकी ज्याचं शरीर आधी तक्रार करतं त्याचं ऐकावं. ‘आपल्याला काही होत नाही’ म्हणणारा जोडीदार घराघरांत असतो. त्याच्या मताला या बाबतीत कमी वजन द्यावं.

किनाऱ्यांचंही तसंच. जूनमध्ये कोकण झोडपणारे नैर्ऋत्य मोसमी वारे मे ते सप्टेंबर श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर पाऊस आणि खवळलेला समुद्र आणतात. त्याच काळात पूर्वेकडे, त्रिंकोमाली आणि पासिकुडाला, समुद्र शांत असतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत ईशान्य मोसमी पाऊस पूर्वेला येतो आणि गॉल-बेंटोटाकडचा किनारा मोकळा होतो. आपल्याकडे दिवाळीच्या सुट्टीला जोडून जायची रीत आहे, पण ऑक्टोबर-नोव्हेंबर हा दोन मोसमांमधला काळ. तेव्हा बेटावर जवळजवळ सगळीकडे दुपारनंतर गडगडाटी पाऊस असतो आणि कोलंबोत तर हे वर्षातल्या सर्वाधिक पावसाच्या महिन्यांपैकी. शाळेच्या सुट्ट्यांचं बंधन नसणं हा निवृत्तीचा मोठाच फायदा. तो घालवून गर्दीत आणि पावसात जायचं कशाला? जानेवारीअखेर ते मार्च पश्चिम-दक्षिणेला जावं, नाहीतर मे ते सप्टेंबर पूर्वेला.

‘मग एकाच ठिकाणी राहून दिवसा डोंगरावर जाऊन आलं तर?’ हा आक्षेप रास्त वाटतो. पण रस्ते पाहा. कँडी ते नुवारा एलिया हे अंतर ऐंशी किलोमीटरच्या आत असूनही घाटामुळे अडीच-तीन तास लागतात. कँडीहून सिगिरियालाही साधारण अडीच तास. परतीचा प्रवास धरला तर दिवसाचे पाच-सहा तास गाडीत, आणि वाटेत स्वच्छतागृह कुठे मिळेल याची धाकधूक वेगळी. शिवाय सिगिरियाच्या सुमारे १,२०० पायऱ्या चढायच्या तर ऊन तापायच्या आत. त्यासाठी दांबुला परिसरातच झोपलेलं असायला हवं. एका तळावरून फिरण्यात सामान हलत नाही हे खरं, पण माणसं हलत राहतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. म्हातारपणी नवी खोली म्हणजे धोका: रात्री उठल्यावर दिव्याचं बटण सापडत नाही, न्हाणीघराचा उंबरठा नको तिथे असतो, पाय घसरतो. झोपेचंही तसंच. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की अनोळखी जागेतल्या पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा अर्धा भाग काहीसा सावध राहतो. ते प्रयोग तरुणांवर झाले होते, तेव्हा ज्येष्ठांबद्दल छातीठोक विधान नको. पण परक्या जागी पहिली रात्र कच्ची जाते हा अनुभव कुणाला नवा नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. तो लागू होतो तो मात्र सहा रात्रींत सहा हॉटेलं बदलणाऱ्या सहलीला, कारण तिथे प्रत्येक रात्र पहिलीच असते. दहा-बारा दिवसांत तीनच मुक्काम, प्रत्येकी किमान तीन रात्री, असं केलं तर कच्च्या रात्री तीनच उरतात. बदलाच्या दिवसाचंही गणित सांभाळावं लागतं. हॉटेलं साधारण अकरा-बाराला खोली सोडायला लावतात आणि पुढचं हॉटेल दोनला खोली देतं. म्हणजे नेमक्या कडक उन्हात डोक्यावर छप्पर नाही. म्हणून लवकर ताबा मिळेल का, हे आधी विचारून ठेवावं किंवा घाटातला थंड प्रवास त्याच वेळात बसवावा.

हे झालं ठरवून हलवलेल्या मुक्कामाबद्दल. न आवडलेलं हॉटेल मध्येच सोडावं का? इथे आपला मध्यमवर्गीय जीव अडतो: पैसे भरलेत ना, काढू दोन दिवस. पण जनरेटरची घरघर, कुबट वास, लिफ्टविना दुसरा मजला, यांपैकी एखाद्या गोष्टीने झोप गेली तर पुढचे सगळे दिवस वाया जातात, आणि ते नुकसान भरलेल्या भाड्याहून मोठं. आधी खोली बदलून मागावी. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. नाहीच भागलं तर निघावं. रद्द करता येणारा दर थोडा महाग असतो, त्या जास्तीच्या रकमेकडे विम्याच्या हप्त्यासारखं बघावं. औषधांचा प्रश्नही पहिल्याच तासात तपासावा. अनेक हॉटेलांत दाराचं कार्ड खाचेतून काढलं की खोलीची वीज जाते आणि छोटा फ्रिजही बंद पडतो. इन्सुलिनचं न उघडलेलं पेन २ ते ८ अंशांत लागतं. ते स्वयंपाकघराच्या किंवा स्वागतकक्षाच्या फ्रिजमध्ये ठेवायला द्यावं. वापरात असलेलं पेन साधारणपणे खोलीच्या तापमानात चालतं, पण गाडीत उन्हात मुळीच ठेवू नये. नव्या हॉटेलांत चौकोनी पिनांचे सॉकेट असतात, आपली गोल पिन त्यांत जात नाही. घड्याळ मात्र बदलावं लागत नाही. तिथली वेळ आपलीच, त्यामुळे गोळ्यांच्या वेळा जशाच्या तशा राहतात.

दोन प्रसंगी मात्र ऐनवेळी बदलाबदली करायची मुभा नसते. जुलै-ऑगस्टमध्ये कँडीत एसाला पेराहेरा हा दंतमंदिराचा उत्सव असतो, आणि एप्रिलमध्ये सिंहली-तमिळ नववर्षाच्या सुमारास नुवारा एलियाचा हंगाम असतो. तेव्हा खोल्या भरतात आणि दर चढतात. मिळालंय ते सोडलं तर दुसरं मिळेलच असं नाही. त्या दिवसांत जायचंच असेल तर खोलीबद्दलचे सगळे प्रश्न आरक्षणाआधीच विचारावेत. आणि परतीचं विमान अपरात्रीचं असेल तर शेवटचा मुक्काम कोलंबोत न ठेवता नेगोम्बोत ठेवावा. कटुनायकेचा विमानतळ तिथून दहाएक किलोमीटरवर आहे. ती एक रात्र वरच्या तीन मुक्कामांत धरू नये.