डोरोथी सेयर्स : रहस्यकथेपासून दान्तेपर्यंत

इंग्रजी रहस्यकथेच्या क्षेत्रात अगाथा ख्रिस्ती यांच्या बरोबरीने ज्यांचे नाव घेतले जाते, त्या डोरोथी सेयर्स यांचा जन्म १३ जून १८९३ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील धर्मोपदेशक, लॅटिनचे पहिले धडे त्यांनीच कन्येला दिले. समरव्हिल कॉलेजातून १९१५ साली त्या प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाल्या; परंतु ऑक्सफर्ड विद्यापीठ तेव्हा स्त्रियांना पदवीच देत नसे. ती हाती पडण्यास १९२० साल उजाडावे लागले.

१९२३ मध्ये त्यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली आणि लॉर्ड पीटर विम्झी हा गुप्तहेर वाचकांच्या भेटीस आला. चरितार्थासाठी त्या लंडनच्या एका जाहिरात संस्थेत नोकरी करीत होत्या. १९२४ च्या जानेवारीत, अविवाहित असताना, त्यांना पुत्र झाला. लोकापवादाच्या भयाने तो नात्यातील बहिणीकडे वाढला. त्याचा खर्च मात्र त्यांनी स्वतः सोसला. इतरांची रहस्ये उलगडणाऱ्या या लेखिकेचे हे रहस्य त्यांच्या हयातीत जगाला कळले नाही.

पुढे त्यांची लेखणी धर्मचिंतनाकडे वळली. १९३७ मध्ये कँटरबरी येथे त्यांचे पहिले धर्मनाटक सादर झाले. आपल्यावाचून हे मंदिर पूर्ण होणार नाही, असा गर्व वाहणारा स्थपती त्यात उंचावरून कोसळून पंगू होतो आणि अखेर नम्र होऊन काम इतरांच्या हाती सोपवतो. येशूच्या चरित्रावरील त्यांच्या बारा नभोनाट्यांत पात्रे रोजच्या बोलीत बोलतात, म्हणून १९४१ मध्ये प्रसारणापूर्वीच वादळ उठले. तरीही ती प्रसारित झाली. १९४३ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपांनी देऊ केलेली धर्मशास्त्रातील डॉक्टरेट त्यांनी विनयपूर्वक नाकारली. सुताराचा पहिला धर्म उत्तम मेज घडविणे हाच होय, अशी त्यांची धारणा होती.

पन्नाशी उलटल्यावर, महायुद्धाच्या धामधुमीत, त्यांनी दान्तेचे महाकाव्य मूळ इटालियनमधून वाचावयास घेतले आणि त्याच्या अनुवादास वाहून घेतले. ‘नरक’ १९४९ मध्ये, तर ‘शुद्धिलोक’ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘स्वर्ग’ अर्ध्यावर असतानाच १७ डिसेंबर १९५७ रोजी त्यांचे निधन झाले. स्नेही बार्बरा रेनॉल्ड्स यांनी ते काम पूर्ण करून १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. नाटकातील स्थपतीप्रमाणेच लेखिकेचे मंदिरही दुसऱ्याच्या हातून पूर्ण झाले. त्या विश्वासू हातांमुळेच आज वाचकाला स्वर्गापर्यंतची वाट सलग चालता येते.